परक्याचें सुतक

माणूस गेल्यावर त्याचा शोक कोणीं करावा, किती दिवस करावा, आणि कोणत्या दिवशीं डोळे पुसून पुन्हां गोडधोड खाण्यास लागावें, याचा जितका बारीक विचार आमच्या धर्मशास्त्रकारांनीं करून ठेवला आहे तितका इतर कोणीं क्वचितच केला असेल. सपिंडास दहा दिवस. लग्न होऊन परगोत्रांत गेलेल्या मुलीच्या किंवा बहिणीच्या बाबतींत त्याहून कमी. दूरच्या नातलगाबद्दल नुसतें स्नान. धर्मसिंधु उघडून पाहिला तर नात्याच्या दोरीची लांबी दिवसांच्या गजानें मोजलेली दिसते. वार्ता उशिरां कळली तर काय करावें, याचीही सोय तेथें आहे: जितका उशीर अधिक तितके दिवस कमी, आणि फारच उशीर झाला तर केवळ स्नान. परंतु ज्याच्याशीं आपलें रक्ताचें, गोत्राचें, शेजाराचें, फार काय तोंडओळखीचेंही नातें नाहीं, ज्यानें आपलें नांवही कधीं ऐकलेलें नाहीं, असा मनुष्य गेला आणि आपल्या डोळ्यांना धार लागली, तर तें सुतक किती दिवसांचें? राजा किंवा आचार्य निवर्तल्यास शास्त्रांत थोडी तरतूद आहे; गाणाऱ्या बाईबद्दल मात्र एक अक्षर नाहीं. आम्हांस हा प्रश्न एका दिवशीं पडला आणि तो अजून पुरता सुटलेला नाहीं. म्हणून वाचकांपुढें मांडीत आहों.

तो दिवस 6 फेब्रुवारी 2022, वार रविवार. आदल्या दिवशीं वसंतपंचमी होऊन गेली होती. सकाळीं मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत लताबाई मंगेशकर निवर्तल्या. जानेवारींत कोरोनाचा संसर्ग होऊन त्यांस तेथें नेण्यांत आलें होतें. चार आठवडे उलटले, पण त्या घरीं परतल्या नाहींत. वय 92 वर्षांचें. या वयांत आलेल्या मृत्यूस अकालीं म्हणतां येत नाहीं. घरांतली एखादी आजी या वयांत गेली तर समाचारास आलेले लोक 'सोनें झालें' म्हणून उठतात. तरीही त्या दिवशीं देशभर जें घडलें तें तरुण मृत्यूच्या बातमीनें घडावें तसें घडलें. केंद्र सरकारनें दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, ध्वज अर्ध्यावर उतरले, महाराष्ट्र सरकारनें सोमवारीं सार्वजनिक सुटी दिली. शास्त्रकारांनीं अर्धवट सोडलेलें काम सरकारनें पुरें केलें असें म्हणावयास हरकत नाहीं: परक्याचें सुतक दोन दिवसांचें, असा निर्णय झाला. सायंकाळीं शिवाजी पार्कच्या मैदानावर शासकीय इतमामानें अंत्यसंस्कार होणार असें कळलें, आणि दुपारीं आम्ही कपडे बदलून दादरला जाण्यास निघालों.

आमच्या कुटुंबास याचें नवल वाटलें, आणि तें रास्तच होतें. सार्वजनिक शोकाविषयीं आमचें मत घरांत व महाविद्यालयांत सर्वांस ठाऊक होतें. आम्ही गेलीं कित्येक वर्षें वर्गांत मिल्टनचें 'लिसिडस' शिकवीत आलों आहों. एडवर्ड किंग नांवाचा केंब्रिजमधील एक फेलो 1637 सालीं समुद्रांत बुडून मेला. मिल्टनशीं त्याची फार दाट मैत्री होती असें दिसत नाहीं. पण कवीनें त्याच्यावर इंग्रजी भाषेंतील सर्वश्रेष्ठ विलापिका रचली. या काव्यांत खरा शोक नाहीं, अशी डॉ. जॉन्सनची प्रसिद्ध तक्रार आहे, आणि आम्ही प्रतिवर्षीं विद्यार्थ्यांपुढें जॉन्सनचा पक्ष मोठ्या हिरिरीनें मांडीत असूं. ज्याला आपण ओळखत नाहीं त्याच्यासाठीं रडणें म्हणजे डोळ्यांचा व्यायाम होय, असें एक वाक्यही आम्हीं तयार करून ठेवलें होतें, आणि तें दरवर्षीं हशा पिकवीत असे. तेव्हां असा मनुष्य भर दुपारीं, तोंडावर मुखपट्टी बांधून, लोकलच्या गर्दींत शिरण्यास निघालेला पाहून घरच्यांनीं भुंवया उंचावल्या तर दोष कोणाचा?

आमचें तें मत निराधार मात्र नव्हतें. जमाव जेव्हां शोक करूं लागतो तेव्हां पुष्कळ वेळां तो शोकाचा धनी होऊन बसतो आणि ज्यांचा खरा शोक त्यांस बाहेर लोटतो. रवींद्रनाथ ठाकूर 7 ऑगस्ट 1941 रोजीं कलकत्त्यास वारले, तेव्हां लोकांची एवढी झुंबड उडाली कीं, स्मृतिचिन्ह म्हणून त्यांच्या दाढीचे केस उपटून नेण्यापर्यंत मजल गेली, आणि त्यांचे चिरंजीव रथींद्रनाथ यांस गर्दींतून चितेपर्यंत पोहोंचतांही आलें नाहीं. ज्याच्या हातचा अग्नि बापास मिळावयाचा तोच बाहेर राहिला, आणि आंत होते ते सारे भक्त! बंगळुरांत 12 एप्रिल 2006 रोजीं कन्नड नट राजकुमार गेले, त्या वेळीं दगडफेक, जाळपोळ व गोळीबार होऊन माणसें प्राणास मुकलीं. एक मरण कमी होतें म्हणून काय जमावानें त्यांत आणखी भर घातली? आणि लताबाईंच्या बाबतींत तरी काय झालें? चितेजवळ येऊन शाहरुख खान यांनीं आपल्या धर्माच्या रीतीप्रमाणें दुवा मागितली आणि मुखपट्टी बाजूस सारून फुंकर घातली. तर राख निवण्यापूर्वींच ती फुंकर होती कीं थुंकी होती, यावर देशांत वाद माजला. पुढें कांहीं दिवसांतच स्मारक कोठें व्हावें, या प्रश्नावर राजकीय रस्सीखेंच सुरू झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण आपल्या लोकांनीं अनुभवाशिवाय रचलेली नाहीं. शिवाय प्रमाणाचा प्रश्न आहेच. ज्या दिवशीं एक विख्यात व्यक्ति जाते त्याच दिवशीं हजारों अविख्यात माणसें जातात. त्यांच्या दारांत कोणी ध्वज उतरवीत नाहीं. आणि त्यांतल्या कित्येकांस तर चार खांदेही मिळत नाहींत.

हें शेवटचें वाक्य लिहितांना आमची लेखणी अडखळली, तें कां, हें आतां सांगितलेंच पाहिजे.

आम्हांस एक वडील बहीण होती. तिला आम्ही अक्का म्हणत असूं. आमच्यांत बारा वर्षांचें अंतर. त्यामुळें आईच्या हातून सुटलेलें आमचें बालपण तिच्या हातांत पडलें. दर बुधवारीं रात्रीं आठ वाजतां रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागे. त्या वेळीं अक्का पाठकोरी वही घेऊन रेडिओपाशीं बसे आणि ऐकतां ऐकतां गाणें उतरून घेई. पेन्सिल आवाजाच्या मागें पडे. म्हणून तिनें आमच्याशीं एक करार केला होता: पहिली ओळ तिनें लिहावयाची, दुसरी आम्हीं लक्षांत ठेवावयाची, आणि गाणें संपलें म्हणजे ती तिला सांगावयाची. आम्हांस त्या वयांत हिंदीचा गंध नव्हता. अर्थ न कळतां आम्ही ते शब्द तोंडांत धरून बसत असूं, जसा लहान मुलगा बाजारांतून येतांना मुठींत सुटे पैसे घट्ट धरतो. त्यांतल्या बहुतेक ओळी लताबाईंच्या असत. आवाजाची आणि आमची ओळख ती अशी झाली: एका बाजूस अक्काची पेन्सिल, दुसऱ्या बाजूस आमचें भाबडें पाठांतर, आणि मध्यें तो आवाज.

एप्रिल 2021 मध्यें, रोगाची दुसरी लाट भर जोरांत असतां, अक्का पुण्यांत गेली. रुग्णालयांत तिला नेल्यापासून नऊ दिवस कोणास भेटतां आलें नव्हतें. आम्हांस मध्यरात्रीं फोन आला. जिल्ह्याबाहेर जाण्यास परवाना लागत होता. तो काढून आम्ही पहांटे गाडीनें निघालों आणि दहाच्या सुमारास स्मशानभूमीपाशीं पोहोंचलों. बाहेर रुग्णवाहिकांची रांग होती. अंत्यविधीस वीस माणसांची मर्यादा सरकारनें घातलेली. पण रोगानें मेलेल्यांच्या बाबतींत तेवढीं येतच कोठें होतीं? विद्युतदाहिनीच्या दालनांत दोघां नातलगांनीं यावें, असें तेथल्या माणसानें सांगितलें. अक्काचे यजमान पूर्वींच वारलेले. तिचा मुलगा, आमचा भाचा, तेथें एकटा उभा होता. त्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं म्हटलें, गाडी रस्त्यांत आडवी लागली आहे, ती हलवून येतों. गाडी आडवी लागली नव्हती. आम्ही जाऊन तींत बसलों, कांचा वर केल्या, आणि सुमारें चाळीस मिनिटें तसेंच बसून राहिलों. पांढऱ्या पोषाखांतील दोन महानगरपालिकेचे कामगार एक बांधलेली पिशवी आंत नेतांना आम्हांस दिसले. ती अक्का होती कीं दुसरें कोणी होतें, हें आम्ही आजही सांगूं शकणार नाहीं. भाचा बाहेर आला तेव्हां आम्ही गाडीबाहेर उभे होतों. त्यानें कांहीं विचारलें नाहीं, आणि आम्हीं कांहीं सांगितलें नाहीं. नंतर दाखले, विमा, बँकेचे कागद, असें काम निघत गेलें. आम्ही तें चोख केलें. रडलों नाहीं. वेळ मिळाला नाहीं, असें आम्हीं स्वतःस सांगितलें, आणि स्वतःवर विश्वासही ठेवला.

आतां पुन्हां शिवाजी पार्ककडे वळूं. मैदानाभोंवतीं कठड्यापाशीं माणसांची भिंत उभी होती. विविध तऱ्हेचीं माणसें होतीं: कचेरींतून निवृत्त झालेले गृहस्थ, कडेवर मूल घेतलेल्या बाया, सुटींतले पोलिस, महाविद्यालयांतील मुलें, ज्यांच्या जन्माआधींच लताबाईंचें बहुतेक गाणें गाऊन झालेलें होतें. पेडर रोडवरील त्यांच्या घरापासून फुलांनीं सजविलेल्या वाहनांतून देह आणण्यांत आला, तेव्हां लोकांनीं हात वर केले आणि प्रत्येकाच्या हातांतल्या मोबाइलचा एकेक डोळा उघडला. हें पाहून आमच्यांतला जॉन्सन जागा झाला. आम्ही मनांत टिपणें करूं लागलों. प्रधानमंत्री आले, पुष्पचक्र वाहिलें, बिगूल वाजलें, मंत्र सुरू झाले. इतक्यांत आमच्या मागें कोणाच्या तरी फोनवर त्यांचें एक जुनें गाणें हळू आवाजांत सुरू झालें. पहिली ओळ झाली, आणि दुसरी ओळ येण्यापूर्वींच ती आमच्या तोंडांत आली. पन्नास वर्षांपूर्वीं आम्हांस नेमून दिलेलें काम आम्हीं आपोआप केलें. आणि ती ओळ घेण्यास कोणी पेन्सिल धरून बसलेलें नाहीं, हें त्या क्षणीं ध्यानांत आलें. मग जें झालें तें आम्हांस आवरतां आलें नाहीं. पन्नाशी उलटलेला प्राध्यापक कठड्यास धरून मुखपट्टी भिजेपर्यंत हुंदके देऊं लागला.

शेजारीं एक बाई उभी होती. वेषावरून घरकामास जाणारी असावी. लताबाईंसाठीं तीही डोळे पुसत होती. तिनें आमच्याकडे थोडा वेळ पाहिलें आणि विचारलें, "तुमचं कोण गेलं, दादा?"

समोर चिता, भोंवतीं लाखभर डोळे एकाच व्यक्तीकडे लागलेले, आणि तरी या बाईनें हें विचारावें! आमच्या तोंडून निघून गेलें, "बहीण."

"माझा थोरला," ती म्हणाली. "गेल्या वैशाखांत. तोंडसुद्धां दाखवलं नाहीं हो." आणि पदर डोळ्यांस लावून ती पुन्हां चितेकडे पाहूं लागली. आम्ही दोघें तेवढीच एकमेकांशीं बोललों.

घरीं येतांना आम्हांस होमरच्या 'इलियड'मधील एक प्रसंग आठवला. तो शिकवितांना आम्ही त्यावरून घाईनें पुढें जात असूं. एकोणिसाव्या सर्गांत पॅट्रोक्लसचें प्रेत पाहून ब्रिसीस विलाप करते. ती युद्धांत पकडून आणलेली. तिचा नवरा व भाऊ अकिलीजच्या स्वारींत पडलेले. पॅट्रोक्लस मात्र तिच्याशीं दयेनें वागलेला. ती रडूं लागतांच भोंवतालच्या दुसऱ्या बंदिवान स्त्रियाही रडूं लागतात, आणि तेथें कवि एवढेंच सांगून जातो कीं, निमित्त पॅट्रोक्लसचें होतें, पण त्या प्रत्येकीचें रडणें स्वतःच्या दुःखासाठीं होतें. या ठिकाणीं होमर त्या स्त्रियांस ढोंगी म्हणत आहे, असें आम्हांस पूर्वी वाटे. आतां तसें वाटत नाहीं. त्या बायका शत्रूच्या छावणींत होत्या. स्वतःच्या नवऱ्यासाठीं, मुलांसाठीं, जळून गेलेल्या गांवासाठीं मोठ्यानें रडण्याची त्यांस तेथें मुभा नव्हती. ज्यांनीं त्यांचीं माणसें मारलीं त्यांच्याच डोळ्यांदेखत, त्यांच्याच एका प्रियजनाच्या निमित्तानें, त्यांस उघड रडण्याची संधि मिळाली. ती त्यांनीं सोडली नाहीं. यांत लबाडी कोठें आहे? साठलेलें पाणी वाट मिळेल तिकडून वाहणारच.

2020 आणि 2021 या दोन वर्षांत आपणांपैकीं कितीतरी माणसें त्या छावणींत होतीं. ज्यांना तोंड पाहतां आलें नाहीं, पाणी घालतां आलें नाहीं, दहाव्याला चार माणसें जमवितां आलीं नाहींत, ज्यांच्या दारीं कडू घास घेऊन शेजारीही येऊं शकला नाहीं, त्यांचा शोक गेला कोठें? तो कागदपत्रांत बसला, औषधाच्या बिलांत बसला, कांच वर केलेल्या गाडींत बसला. आणि मग एका रविवारीं सबंध देशास सांगण्यांत आलें कीं आज रडण्यास हरकत नाहीं, ध्वजही खालीं आला आहे. आमचा हा तर्क सर्वांस लागू पडेल असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळ लोक केवळ लताबाईंसाठींच रडले असतील, आणि त्यांचे अश्रु आमच्याहून निर्मळ असतील. परंतु कठड्यापाशीं आम्ही दोघें होतों, आणि दोघांचेंही उत्तर तेंच निघालें, एवढें खरें.

मग मनांत असा विचार आला कीं, आपण त्या थोर गायिकेच्या चितेवर आपली पोळी भाजून घेतली कीं काय? ज्यांच्यासाठीं जमलों त्यांस विसरून घरचें रडणें रडावें, हा त्यांचा अवमान नव्हे काय? या शंकेनें आम्हांस पुष्कळ दिवस छळलें. शेवटीं तिचें उत्तर आम्हांस त्यांच्या व्यवसायांतच सांपडलें. पार्श्वगायन म्हणजे काय? ओठ एकीचे, आवाज दुसरीचा. पडद्यावर जी रडते तिचें दुःख तिला गातां येत नाहीं, म्हणून दुसरी कोणी पडद्याआड उभी राहून तिच्यासाठीं गाते. 1949 सालीं 'महल' चित्रपटाचीं गाणीं निघालीं तेव्हां त्यांतील प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हें चित्रपटांतल्या पात्राचें नांव छापलेलें होतें. ही कामिनी कोण, असें श्रोते रेडिओवाल्यांस विचारूं लागले, तेव्हां कोठें खरें नांव बाहेर आलें. म्हणजे आरंभापासून हा आवाज दुसऱ्याच्या नांवानें उसना दिलेला होता. त्या पुढें सात दशकें तो देतच राहिल्या. मधुबालेला दिला, नर्गिसला दिला, आणि चित्रगृहाच्या अंधारांत बसलेल्या, ज्यांस कोणी कधीं पडद्यावर घेणार नव्हतें, अशा कोट्यवधि बायाबापड्यांसही दिला. आमची अक्का ओट्यापाशीं उभी राहून गाई तेव्हां तिच्या गळ्यांतून कोणाचें दुःख बाहेर पडे, तिचें कीं गाण्यांतलें, हें तिलाही सांगतां आलें नसतें. आमच्या अलंकारशास्त्रांत भट्टनायकानें याला साधारणीकरण असें नांव दिलें आहे: रंगभूमीवरचा शोक रामाचा राहत नाहीं आणि प्रेक्षकाचाही राहत नाहीं; तो सर्वांचा होतो, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेतां येतो. जन्मभर जिनें आपला आवाज परक्यांच्या दुःखास वापरूं दिला तिनें शेवटीं आपलें मरणही तसेंच वापरूं दिलें, असें समजलें तर त्यांत अवमान कसला?

यावरून सार्वजनिक शोक तेवढा सारा चांगला, असें मात्र कोणी समजूं नये. त्याची परीक्षा दुसऱ्या दिवशीं होते. त्याच शिवाजी पार्कपासून हांकेच्या अंतरावर चैत्यभूमि आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 6 डिसेंबर 1956 रोजीं दिल्लींत निवर्तले. त्यांचा देह विमानानें मुंबईस आणून 7 डिसेंबरला दादरच्या समुद्रकांठीं अग्निसंस्कार झाला. तेव्हांपासून दरवर्षीं 6 डिसेंबरला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लाखों माणसें तेथें येतात, रांगेंत तासन् तास उभीं राहतात, आणि परत जातांना शिवाजी पार्कवर मांडलेल्या दुकानांतून पुस्तकें विकत घेऊन जातात. ज्या पुरुषानें त्यांस शिका म्हणून सांगितलें त्याचा शोक त्यांनीं वाचण्यांत रूपांतरित केला. बंगळुरांतही असेंच कांहीं घडलें. ज्या राजकुमारांच्या मृत्यूच्या वेळीं शहर पेटलें त्यांनीं स्वतः नेत्रदान केलेलें होतें. पुढें 29 ऑक्टोबर 2021 रोजीं त्यांचे चिरंजीव पुनीत ऐन शेचाळिसाव्या वर्षीं गेले. त्यांच्या नेत्रांनीं चौघांस दृष्टि लाभली, आणि त्यानंतर कर्नाटकांत नेत्रदान करणारांची रीघ लागली. बाप आणि लेक, शहर तेंच, मधें साडेपंधरा वर्षें. एका वेळीं शोकानें दगड उचलला, दुसऱ्या वेळीं नांवनोंदणीचा कागद. तेव्हां जमाव रडला कीं नाहीं, किती रडला, हें विचारण्यांत फारसा अर्थ नाहीं. घरीं जाऊन त्यानें काय केलें, हें विचारावें.

हा न्याय दुसऱ्यास लावावयाचा तर आधीं स्वतःस लावला पाहिजे. पुढच्या रविवारीं आम्ही पुण्यास गेलों. भाचा घरीं होता. दहा महिन्यांत आम्ही त्याच्याशीं फोनवर अनेक वेळां बोललों होतों, तें सारें कागदांविषयीं. त्या दिवशीं प्रथमच त्याच्यासमोर बसून आम्हीं त्याला विचारलें, त्या दिवशीं आंत काय झालें. तो बराच वेळ सांगत होता. तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं, कारण तें त्याचें आहे. त्याचें सांगून झाल्यावर आम्हीं आमचें सांगितलें: गाडी आडवी लागली नव्हती.

तो म्हणाला, "ठाऊक आहे, मामा. मी दारातून पाहिली होती. नीटच लावलेली होती." मग उठून आंत गेला आणि चहा टाकण्यास सांगून आला.

क्षमा झाली कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. असल्या गोष्टी विचारावयाच्या नसतात. परत येतांना मात्र धर्मसिंधूंतील तो उशिरां आलेल्या वार्तेचा निर्णय पुन्हां आठवला. अक्काच्या मृत्यूची वार्ता आमच्या कानीं त्याच रात्रीं आली होती. पण तीं कानांपासून आंत पोहोंचण्यास दहा महिने लागले, आणि ती पोहोंचविली एका परक्या बाईच्या चितेनें आणि दुसऱ्या परक्या बाईच्या प्रश्नानें. एवढ्या उशिरां कळलेल्या मरणाला शास्त्र दिवस मोजून देत नाहीं. रात्रीं घरीं पोहोंचल्यावर आम्हीं कोणास कांहीं न सांगतां स्नान केलें. तेवढेंच काय तें उरलें होतें.